लग्न क्राबीला, पैसा देवगडात: बाटच्या दराचं काय करायचं?

प्रश्न: आम्ही देवगड तालुक्यातले आंबा बागायतदार. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिचं आणि होणाऱ्या जावयाचं ठरलंय की लग्न येत्या डिसेंबरात थायलंडला, क्राबीच्या किनाऱ्यावर करायचं. साठ माणसं. हॉटेलने तिथल्या चलनात, ‘बारा लाख बाट प्लस प्लस’ असा आकडा दिलाय. ३० टक्के फेब्रुवारीअखेर, ४० टक्के १ सप्टेंबरला, उरलेले ३० टक्के लग्नाच्या महिनाभर आधी. पहिल्या हप्त्यापुरती मुदत ठेव आहे, पुढचं सगळं आंब्यावर, म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये हाती येणार. वर्षभरात बाट इतका चढलाय की पोटात गोळा येतो. जावई म्हणतात सगळे पैसे आत्ताच भरून मोकळे व्हा. भाऊ म्हणतो थांब, दर उतरेल. ओळखीचा शेअर दलाल डॉलरचे फ्युचर घ्यायला सांगतोय. दुबईतला मेव्हणा म्हणतो, मी इथून हॉटेलला भरतो, तुम्ही मला गावी रुपये द्या. कोणाचं ऐकू?

उत्तर: नमस्कार. दराआधी तुमच्या आकड्याकडे बघू, कारण तो बारा लाख नाही. थायलंडमधली हॉटेलं ‘प्लस प्लस’ म्हणतात तेव्हा पहिला प्लस म्हणजे १० टक्के सेवा शुल्क आणि दुसरा म्हणजे ७ टक्के व्हॅट. व्हॅट सेवा शुल्क धरलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १२,००,००० चे आधी १३,२०,००० होतात आणि त्यावर ९२,४०० चढून १४,१२,४०० बाट. हिशेबापुरता १ बाट = २.८५ रुपये धरला तर हे लग्न ३४ लाख २० हजारांचं नाही, ४० लाख २५ हजारांचं आहे. दर एक पैसाही न हलता सहा लाखांचा फरक इथेच पडला. म्हणून पहिलं काम दराचं नाहीच: हॉटेलकडून सर्व करांसह एकच अंतिम आकडा लेखी मागा आणि तिन्ही हप्ते त्या आकड्यावर मोजून घ्या.

मग हप्ते असे होतात: फेब्रुवारीत ४,२३,७२० बाट, सप्टेंबरला ५,६४,९६०, नोव्हेंबरला पुन्हा ४,२३,७२०. पहिल्याचे पैसे तुमच्याकडे तयार आहेत, तो भरला की त्यावरची जोखीम संपली. जोखीम उरते ती शेवटच्या दोन हप्त्यांची, ९,८८,६८० बाटांची. त्यावर बाट १० पैशांनी हलला की तुमचे ९८,८६८ रुपये हलतात. दहा पैशाला एक लाख, एवढं लक्षात ठेवा. पुढचे सगळे निर्णय या मापाने तोलायचे.

हे माप किती हलू शकतं? २०२५ च्या सुरुवातीला बाट साधारण अडीच रुपयांना होता, वर्ष संपताना साधारण २.८५ ला. तुमचे दोन हप्ते त्या वर्षात पडले असते तर वर्षभरात साडेतीन लाख जास्त गेले असते. यात समजून घेण्यासारखं दुसरंही आहे. त्याच वर्षात डॉलर रुपयाच्या तुलनेत साधारण ५ टक्के वाढला, बाट मात्र १३-१४ टक्के. कारण बाटचा दर दोन जोडांचा असतो: रुपया डॉलरपुढे किती घसरला हा एक, आणि बाट डॉलरपुढे किती वधारला हा दुसरा. त्या वर्षी दोन्ही तुमच्या विरुद्ध गेले.

म्हणून दलालाच्या सल्ल्याचा निकाल इथेच लागतो. फ्युचर म्हणजे पुढच्या तारखेचा दर आज बांधणारा शेअर बाजारातला करार, त्यात दराच्या फरकाचे पैसे रोजच्या रोज चुकते करावे लागतात. राष्ट्रीय शेअर बाजारात रुपयाविरुद्ध डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे फ्युचर आहेत. बाटचं नाही. डॉलरचे फ्युचर घेऊन तुम्ही दोनांपैकी एकच जोड बांधता. २०२५ मध्ये झालेल्या वाढीचा जेमतेम तिसरा हिस्सा त्यात झाकला गेला असता. शिवाय एक करार १,००० डॉलरचा असतो. तुमची रक्कम साधारण ३१,४०० डॉलर, म्हणजे ३१ करार. डॉलर एका दिवसात ५० पैशांनी उतरला तर त्याच दिवशी साडेपंधरा हजार रुपये दलालाकडे भरावे लागतात, आणि नेमकं हे मार्च महिन्यात, तुमचा पैसा फवारणी, मजुरी आणि पेट्यांत गुंतलेला असताना. पैसे भरले नाहीत तर दलाल करार तोडतो, मग पुढे डॉलर चढला तरी तुम्ही उघडेच. ज्याचा हात वर्षातून तीनच महिने ओला असतो त्याने रोज पैसे मागणारं साधन घेऊ नये. आमचं मत स्पष्ट आहे: फ्युचर नको.

बँकेचा फॉरवर्ड करार वेगळा. तो तुम्हाला ओळखीचा वाटेल, कारण मोहोर बघून बाग कराराने देतात त्याच जातीचा हा व्यवहार आहे. भाव आज ठरतो, माल नंतर हलतो. पुढे वाशीच्या घाऊक बाजारात भाव चढला तर ते पैसे तुमचे नाहीत, पडला तर तो तोटाही तुमचा नाही. फॉरवर्डमध्ये बँक सांगते की अमुक तारखेला अमुक दराने इतके डॉलर देईन. तो दर आजच्या दरापेक्षा वर असतो, कारण भारतातलं व्याज अमेरिकेतल्यापेक्षा जास्त आहे. गेल्या काही वर्षांत हा फरक वर्षाला साधारण दीड ते तीन टक्के राहिलाय. थायलंडमधलं व्याज त्याहून कमी, त्यामुळे बाटचा थेट फॉरवर्ड मिळाला तर तो आणखी महाग पडतो. बँक काही टक्के रक्कम ठेवीत अडकवून घेते. हे सगळं परवडण्यासारखं आहे. तुमच्या बाबतीत अडचण दुसरीच आहे.

ती अडचण आंब्याची. फॉरवर्ड घेतला की ठरल्या तारखेला रुपये देऊन डॉलर उचलावेच लागतात. थ्रिप्सची कीड पडली, एप्रिलात अवकाळी आला, पीक निम्म्यावर गेलं तरी करार थांबत नाही. उचलता आला नाही तर तो रद्द करून फरक भरायचा, किंवा खर्च सोसून मुदत वाढवायची. लग्नाची तारीख हलली तरी तेच. म्हणजे एक जोखीम बांधायला जाऊन तुम्ही दोन जोखमी एकमेकींना बांधून ठेवता. जो पैसा अजून झाडावर आहे, त्याच्या जोरावर पूर्ण रकमेचा फॉरवर्ड घेऊ नका.

याला एक अपवाद आहे, आणि तो आधी तपासून बघा. हॉटेलला विचारा: उरलेले दोन हप्ते डॉलरमध्ये ठरवून द्याल का? परदेशी पाहुण्यांवर चालणारी बरीच हॉटेलं डॉलरचा दर देतात. तसं झालं तर बाट वधारण्याची जोखीम हॉटेलकडे जाते आणि तुमच्याकडे फक्त डॉलर-रुपया उरतो, जो बँक नीट बांधून देऊ शकते. हॉटेल त्यासाठी थोडं चढवून सांगेल. त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा दोन टक्क्यांपर्यंत चढवलं तर घ्या, त्याहून जास्त असेल तर बाटच बरा. डॉलर मिळाले तर उरलेल्या रकमेच्या निम्म्याचा, म्हणजे साधारण १५ हजार डॉलरचा फॉरवर्ड जून-जुलैच्या मुदतीने घ्यायला हरकत नाही. निम्म्याचाच, कारण पीक अर्धं आलं तरी तेवढे डॉलर तुम्ही उचलू शकता.

आता जावयांचं म्हणणं. सगळे पैसे आत्ताच भरायला ते तुमच्याकडे नाहीत, कर्ज काढून भरणं म्हणजे नक्की लागणारं व्याज देऊन कदाचित होणारा तोटा टाळणं. त्याहून मोठी गोष्ट, दहा महिने आधी पूर्ण पैसे दिले की दराची जोखीम जाते आणि हॉटेलची जोखीम येते. हॉटेल विकलं गेलं, दुरुस्तीला बंद झालं, घरात काही अडचण आली, तर तुमचे चाळीस लाख त्यांच्या मर्जीवर. आणि भावांचं ‘थांब, उतरेल’ हे उतरू शकतंही. पण उतरलं नाही तर काय करायचं याचं उत्तर त्या सल्ल्यात नाही.

बाट आत्ताच विकत घेऊन घरी ठेवावेत असंही मनात येईल. ते नियमात बसत नाही. ज्या कामासाठी परकीय चलन घेतलं त्यासाठी ते वापरलं नाही, तर ६० दिवसांत बँकेला परत करावं लागतं. जूनमध्ये घेतलेले बाट नोव्हेंबरपर्यंत कपाटात किंवा फॉरेक्स कार्डावर पडून राहू शकत नाहीत. त्यामुळे दर पक्का करायचा तुमच्या हातातला सरळ मार्ग एकच: हातात आलेला पैसा हॉटेलला थोडा आधी पोचवणं.

तर आमचा सल्ला असा. पहिला हप्ता फेब्रुवारीत भरा. त्याच करारात लिहून घ्या की दुसरा हप्ता १ सप्टेंबरच्या आत कितीही तुकड्यांत भरता येईल, प्रत्येक तुकड्याची पावती बाटमध्ये मिळेल, आणि परतावा द्यायची वेळ आली तर तोही बाटमध्येच, भरलेल्या बाटांइतका मिळेल. आधी पैसे मिळतायत म्हटल्यावर याला हॉटेल सहसा नाही म्हणत नाही. मग वाशीहून विक्रीच्या पट्ट्या येऊ लागल्या की मेच्या पहिल्या आठवड्यात १,८८,३२० बाट, जूनच्या पहिल्या आठवड्यात तेवढेच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेवढेच. एक तुकडा साधारण ५ लाख ३७ हजार रुपयांचा. तीन वेगवेगळ्या दरांची सरासरी पडते; सगळा माल सर्वात चढ्या दिवशी घेतला असं होत नाही, सर्वात उतरत्या दिवशीही होत नाही. तीनाचे सहा तुकडे करू नका, प्रत्येक वेळी बँकेचं शुल्क लागतं. एप्रिलच्या मध्यात पाठवणं टाळा: १३ ते १५ एप्रिल सोंगक्रानची सुट्टी, तिकडच्या बँका बंद. आणि दुसरा हप्ता जुलैत संपला की गणपतीच्या तोंडावर १ सप्टेंबरची टांगती तलवार राहत नाही, हा फायदा कोकणात कमी नाही.

तिसरा हप्ता आधी भरू नका. माणसांची अंतिम संख्या तेव्हाच ठरते, आणि हॉटेलवर तुमचा हात राहतो तो याच पैशामुळे. पीक चांगलं झालं तर त्याचे १२ लाख रुपये जूनमध्येच वेगळ्या ठेवीत टाका, नोव्हेंबरात मोडता येईल अशी मुदत घेऊन. त्यासोबत दराच्या चढउतारासाठी आणखी सव्वा लाख. ४,२३,७२० बाटांवर १० टक्के वाढ म्हणजे १,२०,७६० रुपये होतात, हा आकडा तिथून आला. हा सव्वा लाख दागिन्यांना, मंडपाला, कशालाही लावायचा नाही. बाट चढला नाही तर मुलीच्या हातात द्या.

पीक कमी आलं तर? मग दराशी झुंजण्यापेक्षा बाट कमी करा. साठाची पन्नास माणसं, तीनाच्या दोन रात्री. त्यासाठी करारात किमान हमी किती माणसांची आणि ती कोणत्या तारखेपर्यंत कमी करता येईल हे आत्ताच लिहून घ्यायला हवं. शिवाय जे रुपयांत उरकतं ते रुपयांत उरका: मुंबईहून किंवा गोव्यातल्या मोपाहून निघणारी विमानाची तिकिटं, कपडे, भटजींची दक्षिणा, मेंदी इथे असतानाच. फोटोग्राफर किंवा केटरर इथून नेणार असाल तर एक खबरदारी घ्या. थायलंडमध्ये परक्या माणसाला काम करायला परवाना लागतो, तेव्हा आधी हॉटेलला लेखी विचारा.

आता बँकेचा भाग. इथे शांतपणे पैसे जातात आणि कोणाला दिसत नाहीत.

तुम्ही टीव्हीवर किंवा मोबाइलवर बघता तो दर बँकांमधल्या घाऊक बाजाराचा. बँक तुम्हाला लावते तो टीटी सेलिंग दर, म्हणजे बाहेर पाठवायचं चलन ती विकते तो दर, त्यात तिचं मार्जिन असतं. बाट आपल्याकडे कमी विकला जातो म्हणून त्यावर मार्जिन डॉलरपेक्षा जास्त. बाजारात २.८५ असताना बँकेने २.९३ लावला तर आठ पैशांचे तुमच्या पूर्ण रकमेवर १,१२,९९२ रुपये होतात. दर वर्षभर तिथल्या तिथे राहिला तरी हे गेलेच. सकाळी फळ्यावर लागणारा ‘कार्ड रेट’ छोट्या रकमांसाठी असतो. पाच लाखांच्या वर रक्कम असेल तर शाखाधिकाऱ्याला सांगा की ट्रेझरीकडून, म्हणजे बँकेच्या चलन खरेदी-विक्रीच्या विभागाकडून दर मागवा, आणि बाजारभावावर किती पैसे मार्जिन लावलं ते विचारा. घासाघीस इथे चालते, लोक करत नाहीत एवढंच. दोन बँकांकडून दर मागवा, पण एकाच दिवशी, एकाच तासात, नाहीतर तुलना खोटी ठरते. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो तेव्हा दर घेऊ नका.

प्रश्न विचारायचा तो असा: ‘हॉटेलच्या खात्यात १,८८,३२० बाट पूर्ण पोचवायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’ उत्तरात दर, शुल्क, जीएसटी सगळं आलं पाहिजे. चलन बदलण्यावरचा जीएसटी फार नसतो. ५ लाखांच्या रूपांतरावर ५४० रुपये, १० लाखांवर ९९०. कोणी याहून मोठा आकडा जीएसटी म्हणून सांगत असेल तर दुसरंच काही त्यात मिसळलंय.

पैसे पाठवायच्या फॉर्मवर शुल्क कोणी सोसायचं याचे तीन रकाने असतात: ‘अवर’, ‘शेअर’, ‘बेन’. ‘अवर’वर खूण करा, म्हणजे वाटेतल्या बँकांचं शुल्क तुमच्याकडून आधीच घेतलं जातं. ‘शेअर’ ठेवलं तर मधली बँक आपले पैसे कापून पुढे पाठवते, हॉटेलला हजारभर बाट कमी मिळतात आणि ते हप्ता अपुरा म्हणून पावती अडवतात. बिल बाटचं असताना डॉलर पाठवले तरीही हेच होतं, कारण मग रूपांतर तिकडची बँक तिच्या दराने करते. बाटचं बिल असेल तर बाटच पाठवा.

गावातल्या शाखेत फॉर्म दिला म्हणजे दर लागला असं नाही. छोट्या शाखा कागद परकीय चलनाच्या मोठ्या शाखेकडे पाठवतात, त्यात दोन-तीन दिवस जातात आणि दर लागतो तो व्यवहार होईल त्या दिवसाचा. म्हणून मुदतीच्या आठवडाभर आधी कागद द्या: ए-२ फॉर्म (बाहेर पैसे पाठवायचा अर्ज), पॅन, हॉटेलचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे आगाऊ बिल, ज्यावर त्यांचं कायदेशीर नाव, खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड असेल. पैसे पतपेढीत असतील तर आधी बँकेत वळते करून ठेवा, पतपेढीतून परदेशी पैसे जात नाहीत. आणि मध्येच ‘आमचं खातं बदललंय, नव्या खात्यात भरा’ असा मेल आला तर त्या मेलला उत्तर देऊ नका. करारावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री होईपर्यंत एक बाटही पाठवू नका. चोर हॉटेलच्याच मेलमध्ये शिरून असे मेल पाठवतात, आणि गेलेला पैसा क्वचितच परत येतो.

टीसीएसचा, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्यासाठी दराइतकाच मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्या मर्यादेपासून तुम्ही खूप खाली आहात. पण वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते (१ एप्रिल २०२५ च्या आधी ही रेषा ७ लाखांवर होती). हा जास्तीचा कर नाही, विवरणपत्रात परत मिळतो. नोकरदाराला तो पगारावरच्या करात वळवता येतो. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त, वळवायला कर नाही, म्हणून तुमचा पैसा परताव्याची वाट बघत महिनोन्महिने अडकतो, तोही लग्नाच्या वर्षात. सगळे ४० लाख तुमच्या एकट्याच्या खात्यातून एकाच आर्थिक वर्षात गेले तर सहा लाख असे अडकतील.

तुमच्या तारखा मात्र सोयीच्या पडल्यात. पहिला हप्ता, १२ लाख ७ हजार, ३१ मार्चच्या आत जातोय. तो तुम्ही आणि तुमच्या पत्नी, दोघांच्या स्वतंत्र खात्यांतून, स्वतंत्र पॅनवर, सहा-सहा लाख करून पाठवा. १ एप्रिलला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. उरलेले २८ लाख १८ हजार तुम्ही, पत्नी आणि मुलगी अशा तिघांत वाटले की प्रत्येकी १० लाखांच्या आत बसतात. यात चोरी नाही, मर्यादा माणशीच आहे. फक्त पैसे ज्याच्या नावाने जातात त्याच्याच खात्यातून गेले पाहिजेत आणि ए-२ फॉर्ममध्ये त्या वर्षात आधी पाठवलेली रक्कम खरी लिहिली पाहिजे. लक्षात ठेवा, फॉरेक्स कार्डावर भरलेले पैसे आणि घेतलेल्या नोटाही याच १० लाखांत मोजल्या जातात. बाट चढला तर रुपयांतली रक्कमही वाढेल, म्हणून तिसऱ्या हप्त्याआधी तिघांची बेरीज पुन्हा करून बघा. मुंबईच्या एखाद्या कंपनीकडून विमान आणि हॉटेल मिळून टूर पॅकेज घेतलंत तर टीसीएसचा दर वेगळा असतो आणि तो अर्थसंकल्पात बदलत आलाय, त्या दिवशीचा विचारून घ्या. आणि परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांच्या वर खर्च केला की उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरावं लागतं. आजवर भरत नसाल तर सीएना आधीच भेटा.

मेव्हण्यांचा विषय नाजूक आहे, पण गोल बोलून चालणार नाही. त्यांनी दुबईहून हॉटेलला पैसे भरायचे आणि तुम्ही गावी त्यांच्या घरी रुपये द्यायचे, ही हवाल्याचीच रीत आहे. नातं जवळचं असलं, हेतू चांगला असला तरी परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या कलम ३ मध्ये ती बसत नाही, आणि दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. मुंबईतला कोणी ‘इथे रोख द्या, तिकडे बाट मिळतील’ म्हणाला तर तेही हेच. मात्र मामाने भाचीला आहेर म्हणून स्वतःच्या कमाईतून हॉटेलचा एखादा खर्च भरला आणि तुम्ही त्याची परतफेड केली नाही, तर त्यात काही वावगं नाही. उलट दराच्या दृष्टीने ते उत्तम. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे रुपया घसरला तरी त्यांच्या खिशाला झळ लागत नाही. त्यांना एखादं ठरावीक काम द्या: संगीताच्या रात्रीचं जेवण, किंवा किनाऱ्यावरची फुलांची सजावट. बिल थेट त्यांच्या नावावर, पैसे त्यांच्या खात्यातून. तेवढे बाट तुमच्या यादीतून गेले.

तिकडे पोचल्यावरचा खर्च राहिला. माणशी ३,००० डॉलरच्या किमतीइतक्याच नोटा नेता येतात, बाकी कार्डावर. बाट भरलेलं फॉरेक्स कार्ड निघायच्या आदल्या आठवड्यात घ्या. क्रेडिट कार्ड वापरलंत तर २ ते ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो. हॉटेलच्या मशीनवर ‘रुपयांत भरायचं की बाटमध्ये’ असं विचारलं जाईल. प्रत्येक वेळी बाटच निवडा. रुपया निवडला की दर मशीनवाला ठरवतो आणि तीन-चार टक्के, कधी जास्तही, आणखी जातात. हे साठही पाहुण्यांना निघण्याआधी सांगून ठेवा. एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले की दर खेपेला २०० च्या वर बाट शुल्क कापलं जातं, म्हणून काढायचे तर एकदाच मोठी रक्कम काढा. परतल्यावर उरलेलं चलन २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत बँकेला द्यायचं.

या आठवड्यात हॉटेलला एक मेल जाऊ द्या, त्यात पाच गोष्टी मागा: करांसह अंतिम आकडा, दुसरे-तिसरे हप्ते डॉलरमध्ये द्यायचे झाले तर किती, दुसरा हप्ता तुकड्यांत आधी भरण्याची मुभा, परतावा बाटमध्येच, आणि किमान माणसांची हमी कोणत्या तारखेपर्यंत कमी करता येईल. उत्तर आल्यावरच मुदत ठेव मोडा. फेब्रुवारीअखेरपर्यंत तेवढा वेळ आहे.